इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांकडे ओढले जातात तेव्हा वेग कोणाला किती मिळतो?

प्रश्न बारावीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन १ नॅनोमीटर अंतरावर स्थिर धरले आणि सोडून दिले. त्यांच्यातले अंतर अर्धा नॅनोमीटर उरेल तेव्हा प्रत्येकाचा वेग किती? त्याने कूलोमच्या नियमाने बल काढले, वस्तुमानाने भागून त्वरण काढले आणि 'व्ही-वर्ग बरोबर यू-वर्ग अधिक दोन ए एस' या सूत्रात आकडे घालून इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला ५.०३ लाख मीटर आणला. त्याच्या सरावपुस्तकात उत्तर ७.१२ लाख मीटर दिले आहे. त्यावरून त्याने आणखी तीन गोष्टी विचारल्या आहेत. स्थितिज ऊर्जा ऋण आहे आणि जवळ येताना ती आणखी ऋण होते, म्हणजे ऊर्जा घटते, तर वेग वाढतो कसा? इलेक्ट्रॉनची एक आणि प्रोटॉनची एक अशा दोन स्थितिज ऊर्जा धरायच्या की एकच? आणि दोघे एकमेकांवर आदळायला वेळ किती लागेल?

हे सगळे प्रश्न बारावीच्या वर्गात दरवर्षी येतात आणि ते अगदी योग्य जागी येतात. माझ्या मते त्यांची गुरुकिल्ली एकच आहे. स्थितिज ऊर्जा जोडीची असते आणि वेग एकेकाचा असतो. सूत्रे पाठ असूनही ही गोष्ट मनात पक्की नसली की गणित दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडते.

आधी आकड्यांची थोडी सोय करून घेऊ. अशा गणितात न्यूटन, कूलोम आणि जूल यांचे उणे घात सांभाळताना मुले दमतात आणि भौतिकशास्त्र बाजूला राहते. एक आकडा लक्षात ठेव: १.४४. इलेक्ट्रॉनइतकाच प्रभार असलेल्या दोन विजातीय कणांमधले अंतर नॅनोमीटरमध्ये घे, १.४४ ला त्या अंतराने भाग आणि पुढे उणे चिन्ह लाव. स्थितिज ऊर्जा थेट इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, म्हणजे अणूंच्या जगात सोयीच्या असलेल्या ऊर्जेच्या छोट्या एककात, मिळते. १ नॅनोमीटरवर ती −१.४४ आणि अर्ध्या नॅनोमीटरवर −२.८८. दोहोंतला फरक १.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि तेवढीच गतिज ऊर्जा तयार होते. या ऊर्जेला इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ७.१२ लाख मीटर येतो. पुस्तकातले उत्तर बरोबर आहे.

मग ५.०३ लाख कुठून आले? त्या सूत्रात त्वरण स्थिर असते असे गृहीत धरलेले आहे. इथे ते स्थिर नाही. अंतर निम्मे झाले की बल चौपट होते. तू सुरुवातीचे, म्हणजे सर्वांत कमी असलेले बल साऱ्या प्रवासाला लावलेस. त्यामुळे कार्य निम्मेच भरले आणि वेग √२ पटीने कमी आला. कोणी शेवटचे बल लावले तर वेग १०.१ लाख येईल, तो जास्त. काही हुशार मुले दोन्ही बलांची सरासरी घेतात, म्हणजे सुरुवातीच्या बलाच्या अडीचपट. मग वेग येतो ७.९६ लाख. जवळ गेले, पण तेही चूकच.

इथे थोडे थांबण्यासारखे आहे. खरे उत्तर येण्यासाठी बल सुरुवातीच्या किती पट धरायला हवे? बरोबर दुप्पट. एक आणि चार यांचा साधा मध्य अडीच असतो, पण त्यांचा भूमितीमध्य दोन असतो. हा योगायोग नाही. वर्गव्यस्त बलाची अंतरावरची सरासरी काढली की ती नेहमी दोन टोकांच्या बलांचा भूमितीमध्यच असते. संकलन (इंटिग्रेशन) करून पाहा: दोन अंतरांच्या व्यस्तांमधला फरक घेऊन त्याला अंतरातल्या फरकाने भागायचे, की छेदात दोन्ही अंतरांचा गुणाकार उरतो. दहावीच्या भूमितीत काटकोन त्रिकोणाच्या शिरोलंबाबरोबर भेटलेला भूमितीमध्य इथे कूलोमच्या नियमात पुन्हा भेटतो, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. संकलन न शिकलेल्या अकरावीच्या मुलालाही यामुळे अचूक कार्य काढता येते.

आता ऋण चिन्ह. स्थितिज ऊर्जेचे शून्य कुठे धरायचे हे आपण ठरवतो. प्रभारांच्या बाबतीत दोघे एकमेकांपासून अनंत अंतरावर असताना ती शून्य मानायची असा संकेत आहे, कारण तिथे बलही शून्य होते. आकर्षण असलेले कण जवळ येतात तेव्हा विद्युत बल त्यांच्यावर धन कार्य करते आणि तेवढी स्थितिज ऊर्जा खर्ची पडते. शून्यातून खर्च झाला की उरते ते ऋणच. −१.४४ वरून −२.८८ वर जाणे म्हणजे १.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट मोकळे होणे. ते नाहीसे होत नाहीत, गतिज ऊर्जा होऊन कणांच्या वेगात दिसतात. एकूण ऊर्जा सुरुवातीला −१.४४ होती, कारण कण स्थिर होते. शेवटी ती −२.८८ अधिक १.४४, म्हणजे पुन्हा −१.४४. 'ऊर्जा कमी झाली तर वेग वाढला कसा' हा प्रश्न स्थितिज ऊर्जेलाच एकूण ऊर्जा समजण्यातून येतो. स्थितिज ऊर्जा घटली, म्हणूनच वेग वाढला.

एकूण ऊर्जा ऋण असण्याला स्वतंत्र अर्थही आहे. ही जोडी बांधलेली आहे. बाहेरून ऊर्जा मिळाल्याशिवाय हे दोन कण १ नॅनोमीटरपेक्षा दूर जाऊच शकत नाहीत, कारण तिथे त्यांच्याकडे गतिज ऊर्जेचा कणही शिल्लक राहत नाही. १ नॅनोमीटरवर असलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेरच्या दिशेने निदान १.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जा, म्हणजे तोच सेकंदाला ७.१२ लाख मीटरचा वेग दिला, तर तो प्रोटॉनच्या पकडीतून कायमचा सुटेल. पृथ्वीच्या मुक्तिवेगाचे गणित अगदी याच वाटेने जाते.

आता मुख्य मुद्दा: स्थितिज ऊर्जा एक की दोन? एकच. बरीच मुले प्रोटॉनमुळे तयार झालेल्या विभवाला (एकक प्रभारामागच्या स्थितिज ऊर्जेला) इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणतात, मग इलेक्ट्रॉनमुळे तयार झालेल्या विभवाला प्रोटॉनच्या प्रभाराने गुणतात आणि दोन्हींची बेरीज करतात. उत्तर दुप्पट येते. दोन भावांच्या नावावर मिळून एकच सातबारा असावा आणि दोघांनी पुरे क्षेत्र आपापले म्हणून दोनदा मोजावे, तसा हा हिशेब आहे. ती जमीन दोघांची मिळून एकदाच मोजायची.

पण सामायिक का, हे नुसते मानून घेऊ नकोस, पडताळून पाहा. इलेक्ट्रॉनवर प्रोटॉनचे बल आहे आणि प्रोटॉनवर इलेक्ट्रॉनचे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने दोन्ही बले सारखी आणि उलट दिशेची. इलेक्ट्रॉन प्रोटॉनकडे थोडा सरकला, प्रोटॉन इलेक्ट्रॉनकडे थोडा सरकला. पहिल्या बलाचे कार्य म्हणजे बल गुणिले इलेक्ट्रॉनचे सरकणे, दुसऱ्याचे कार्य म्हणजे तेच बल गुणिले प्रोटॉनचे सरकणे. बेरीज केली की उरते बल गुणिले दोघांमधल्या अंतरातली घट. कोण किती सरकला हे बेरजेतून पुसले जाते. दोन्ही बलांचे मिळून झालेले कार्य फक्त परस्पर अंतरावर ठरते, म्हणूनच त्याला जोडीची स्थितिज ऊर्जा म्हणता येते. 'इलेक्ट्रॉनची स्थितिज ऊर्जा' असे पुस्तके लिहितात ते सोयीपुरते. प्रोटॉन जवळजवळ हलत नाही म्हणून ते खपून जाते.

ऊर्जा जोडीची ठरल्यावर तिची वाटणी कशी करायची? ऊर्जेची अक्षय्यता हे एकच समीकरण देते, आणि अज्ञात वेग दोन आहेत. दुसरे समीकरण संवेगाच्या अक्षय्यतेचे. बाहेरचे बल नाही, सुरुवातीला दोघे स्थिर होते, म्हणजे एकूण संवेग शून्य होता आणि शून्यच राहणार. दोघांचे संवेग सतत समान आणि विरुद्ध. आता गतिज ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले दुप्पट वस्तुमान. संवेग सारखा असेल तर ज्याचे वस्तुमान कमी, त्याला ऊर्जा जास्त. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड आहे. म्हणून मोकळ्या झालेल्या ऊर्जेचे १८३७ भाग केले तर इलेक्ट्रॉनला १८३६ आणि प्रोटॉनला १ भाग मिळतो. प्रोटॉनचा वेग इलेक्ट्रॉनच्या १८३६ वा भाग, म्हणजे सेकंदाला सुमारे ३८८ मीटर.

प्रोटॉनकडे दुर्लक्ष केले तरी चालते ते यामुळे. पण दुर्लक्ष कशाकडे केले हे नीट कळायला हवे. दोघांवरचे बल सारखे असते, प्रोटॉनवर कमी नसते. दोघांचा संवेगही सारखाच असतो. प्रोटॉनकडे ऊर्जा नगण्य असते, इतकेच. उत्तरपत्रिकेत 'प्रोटॉनवर बल कमी लागते म्हणून तो हलत नाही' असे वाक्य दिसले की मला वाईट वाटते, कारण आकडा बरोबर येऊनही तिसरा नियम हातातून सुटलेला असतो.

प्रोटॉनऐवजी पॉझिट्रॉन ठेवून हेच गणित कर. पॉझिट्रॉनचा प्रभार प्रोटॉनइतकाच, वस्तुमान मात्र इलेक्ट्रॉनइतके. मोकळी झालेली ऊर्जा तीच, १.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, पण आता वाटणी अर्धी-अर्धी. प्रत्येकाला ०.७२, आणि प्रत्येकाचा वेग सेकंदाला ५.०३ लाख मीटर. हा आकडा ओळखीचा आहे ना? प्रोटॉनच्या गणितात तुझे चुकीचे उत्तर हेच आले होते. तिथे कार्य निम्मे मोजले गेले होते, इथे ऊर्जा खरोखरच निम्मी वाटली गेली. बहुपर्यायी प्रश्नात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेले असू शकतात, म्हणून उत्तर पर्यायांशी जुळले एवढ्यावर खूश होऊ नकोस.

प्रश्नाची भाषाही काळजीने वाच. 'पॉझिट्रॉन जागेवर घट्ट धरून ठेवला आहे' असे लिहिले असेल तर वाटणी उरत नाही. धरून ठेवणारे बल बाहेरचे आहे, त्यामुळे संवेग अक्षय्य राहत नाही. पण धरलेला कण सरकत नसल्याने ते बल कार्य शून्य करते, आणि ऊर्जा अक्षय्य राहते. सगळे १.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट एकट्या इलेक्ट्रॉनकडे जातात आणि वेग ७.१२ लाख येतो. 'धरलेला' आणि 'मोकळा' या शब्दांनी उत्तर √२ पटीने बदलते.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी फक्त कागदावरची नाही. दोघे मिळून अल्पकाळ टिकणारा अणूसारखा बंध बनवतात, त्याला पॉझिट्रोनियम म्हणतात. मार्टिन डॉइच यांनी तो १९५१ मध्ये प्रयोगाने दाखवला. त्याची बंधनऊर्जा ६.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, हायड्रोजनच्या १३.६ च्या निम्मी. निम्मी येते ती याच वाटणीच्या गणितामुळे. दोघेही हलतात तेव्हा एकट्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाऐवजी ज्याला रिड्यूस्ड मास म्हणतात ते वापरावे लागते, आणि दोन समान वस्तुमानांसाठी ते एकाच्या निम्मे असते. शेवटी ही जोडी नष्ट होऊन गॅमा किरण निघतात. पेट स्कॅनमध्ये पकडले जाणारे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण अशाच इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विनाशातले. पण ती ऊर्जा कणांच्या वस्तुमानातून येते, आपण वर मोजलेल्या विद्युत स्थितिज ऊर्जेतून नव्हे. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नये.

आता वेळेचा प्रश्न. इथे ऊर्जेची पद्धत एकटी पुरत नाही. ती कोणत्या जागी वेग किती हे सांगते, तिथे पोचायला किती वेळ लागला हे सांगत नाही. वेग जागेनुसार बदलतो, म्हणून संकलन करावे लागते आणि ते जरा किचकट आहे. एक सुंदर आडवाट मात्र आहे. केप्लरचा तिसरा नियम गुरुत्वाकर्षणासाठी आहे, पण त्यामागचे गणित कोणत्याही वर्गव्यस्त आकर्षणाला लागू पडते. सरळ रेषेत आत पडणे म्हणजे अतिशय चपटी लंबवर्तुळाकार कक्षा समज, इतकी चपटी की रुंदी शून्य. तिचा अर्धा मोठा अक्ष सुरुवातीच्या अंतराच्या निम्मा. आवर्तकालाचा वर्ग या अक्षाच्या घनाच्या प्रमाणात असतो, आणि आत पडणे म्हणजे अर्धी फेरी. म्हणून पडण्याचा वेळ हा तितक्याच अंतरावरच्या वर्तुळाकार कक्षेच्या आवर्तकालाला ४√२ ने भागून मिळतो. १ नॅनोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाकार कक्षेत इलेक्ट्रॉनला एका फेरीस सुमारे १२.५ फेम्टोसेकंद लागतील. भागाकार २.२ फेम्टोसेकंद. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग घेऊन त्याचाही हजारावा भाग.

या २.२ फेम्टोसेकंदांपैकी सुमारे १.८ पहिल्या अर्ध्या अंतरातच संपतात. उरलेले अर्धे अंतर ०.४ मध्ये पार होते. आकर्षण असेच असते: जवळ जावे तसे बल वाढते, बल वाढते तसे जवळ जाणे आणखी वेगाने होते. शार्ल कूलोम यांनाही आकर्षण मोजताना या गुणाशी झगडावे लागले. १७८५ मध्ये प्रतिकर्षणाचा नियम त्यांनी पीळ देणाऱ्या तारेच्या तराजूवर दाखवला. आकर्षणासाठी तो तराजू नीट चालेना, कारण तारेचा पीळ कोनाच्या साध्या प्रमाणात वाढतो आणि आकर्षण त्याहून झपाट्याने, त्यामुळे गोळ्या एकमेकांना जाऊन चिकटत. मग त्यांनी वाट बदलली. प्रभारित गोलासमोर एक हलकी, टोकाला प्रभार असलेली सुई टांगून तिची आंदोलने मोजली. आंदोलनाचा काळ अंतराच्या प्रमाणात वाढतो असे दिसले, आणि त्यावरून बल वर्गव्यस्त असल्याचे निघाले. बल थेट मोजता येत नसेल तर गतीवरून ओळखावे, ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

आदळण्याच्या क्षणी काय, हेही अनेक जण विचारतात. अंतर शून्य केले की सूत्र अनंत ऊर्जा सांगते. तो दोष बिंदुप्रभाराच्या कल्पनेचा आहे. इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या दहाव्या भागाइतका होतो तोवर अंतर सुमारे ०.५६ पिकोमीटर उरलेले असते, आणि तिथून पुढे सापेक्षतेची सूत्रे वापरावी लागतात. त्वरण असलेला प्रभार प्रारणही सोडतो, पण आपल्या १ ते अर्धा नॅनोमीटरच्या टप्प्यात त्यात जाणारी ऊर्जा मोकळ्या झालेल्या ऊर्जेच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी आहे. ती सोडून देण्यात काही गैर नाही.

मात्र एका गोष्टीबद्दल विद्यार्थ्याला अंधारात ठेवू नये. १.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची द ब्रॉय्ली तरंगलांबी, म्हणजे कणाला तरंग मानल्यावर येणारी लांबी, सुमारे १ नॅनोमीटर येते. त्या वेळी कणांमधले अंतर अर्धाच नॅनोमीटर असते, त्याहूनही ती जास्त. इतक्या छोट्या जागेत इलेक्ट्रॉन गोटीसारखा एका रेषेत पडतो हे चित्र खरे राहत नाही, तिथे क्वांटम यांत्रिकी लागते. तरी ऊर्जेचा हिशेब वाया जात नाही. ०.१०६ नॅनोमीटरवर स्थिर धरलेल्या इलेक्ट्रॉनची एकूण ऊर्जा काढून पाहा: −१३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या अणूत इलेक्ट्रॉन याच्या निम्म्या अंतरावर, ०.०५३ नॅनोमीटरवर वर्तुळात फिरतो. तिथे स्थितिज ऊर्जा −२७.२, गतिज १३.६, आणि एकूण पुन्हा −१३.६. एक सरळ आत पडणारा, दुसरा वर्तुळात फिरणारा, पण दोन्ही कक्षांचा अर्धा मोठा अक्ष सारखा, म्हणून एकूण ऊर्जा सारखी. वरच्या चपट्या लंबवर्तुळाचा उपयोग इथेही झाला.

सरावासाठी दोन गोळ्यांचे गणित करून पाहा, तिथे गोटीसारखे चित्र निर्धास्त चालते. घर्षण नसलेल्या टेबलावर ५ ग्रॅम आणि १५ ग्रॅमच्या गोळ्या, प्रभार +१ आणि −१ मायक्रोकूलोम, सुरुवातीचे अंतर ३० सेंटीमीटर, दोन्ही मोकळ्या. अंतर १० सेंटीमीटर होईल तेव्हा वेग किती? स्थितिज ऊर्जा −०.०३ जूलवरून −०.०९ वर जाते, ०.०६ जूल मोकळे होतात. वाटणी वस्तुमानांच्या व्यस्त, तीनास एक. हलक्या गोळीला ०.०४५ जूल, वेग सेकंदाला ४.२४ मीटर. जड गोळीला ०.०१५ जूल, वेग १.४१ मीटर. बलाच्या वाटेनेही ताळा करता येतो. सुरुवातीचे बल ०.१ न्यूटन, शेवटचे ०.९, भूमितीमध्य ०.३. त्याला अंतरातल्या २० सेंटीमीटरच्या घटीने गुणले की पुन्हा ०.०६ जूल. या २० पैकी १५ सेंटीमीटर हलकी गोळी सरकते आणि ५ जड, म्हणजे वस्तुमानकेंद्र जागचे हलत नाही. तिन्ही ताळे जुळल्यावरच उत्तर लिही.

हे गणित प्रत्यक्ष मांडायला निघालास तर गोळ्यांच्या आकारावर अडशील. कोरडी हवा मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टच्या विद्युत क्षेत्रात ठिणगी पडू देते. १ मायक्रोकूलोम प्रभार हवेत एखाद्या गोळ्यावर टिकायला त्याची त्रिज्या निदान साडेपाच सेंटीमीटर लागते. तेवढे दोन गोळे घेतले तर केंद्रांतले अंतर ११ सेंटीमीटर झाले की ते एकमेकांना टेकतात, आणि १० सेंटीमीटरचा टप्पा येतच नाही. शिवाय इतक्या जवळ धातूवरचे प्रभार समोरच्या बाजूला सरकतात आणि बिंदुप्रभाराचे सूत्र कमी पडते. प्रयोग करायचाच असेल तर प्रभार नॅनोकूलोममध्ये घे, प्लास्टिकचे हलके मणी दोऱ्याने टांग आणि अंतर मण्यांच्या आकाराच्या निदान दहापट ठेव.